‘कळत नाही’ ही भीती मोठ्यांची

‘संकल्पनात्मक कला मुलांच्या डोक्यावरून जाते’ हे रविवार पुरवणीतील लेखाचे मत पटले नाही. संकल्पनात्मक कला म्हणजे जिथे वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पना महत्त्वाची, अशी कला. अमेरिकन कलाकार सोल लविट यांची १९६८ पासूनची भित्तिचित्रे म्हणजे मुळात लेखी सूचना. त्यानुसार रेषा बहुतेकदा इतरांनीच ओढल्या. स्वतः नियम ठरवून दुसऱ्याला खेळायला लावणाऱ्या मुलाला यात नवल ते काय वाटणार? जपानी कलाकार यायोई कुसामा यांनी तर २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत मुलांसाठीच पांढरीशुभ्र खोली मांडून त्यांच्या हाती रंगीत ठिपक्यांची स्टिकरे दिली. ठिपके चिकटत गेले, तशी आतली टेबल-खुर्ची दिसेनाशी झाली. कल्पना समजावून सांगावी लागली नाही.

माझ्या सात वर्षांच्या मुलीला फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये कलाकृती म्हणून सादर केलेल्या मूत्रपात्राचे छायाचित्र दाखवले. आधी ती पोट धरून हसली (हसणे हाही प्रतिसादच!), मग तिने विचारले, ‘‘पण ते आडवं का ठेवलंय?’’ नेमका प्रश्न होता. उत्तर देताना मीच अडखळलो. मुलांना अशा कलेपासून दूर ठेवताना आपण बहुधा हे अडखळणे टाळत असतो. ‘यात काय आहे, हे तर मीही करीन’ असे मूल म्हणाले, तर त्याला कागद द्यावा आणि करू द्यावे.

– एक पालक