‘बोर’ झाडाला, ‘बोअर’ जमिनीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की सांगली-साताऱ्याच्या पानांवर ‘बोर आटले’, ‘बोरांना पाणी नाही’ असे मथळे रोज दिसतात. माणदेशात बांधाबांधावर बोरीची झाडं आहेत. तेव्हा पाणी नाही ते झाडांना की जमिनीतल्या भोकांना, हे निम्मी बातमी वाचल्यावर कळतं. दोन्ही शब्द वेगळे लिहावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

फळाचं बोर संस्कृत ‘बदर’वरून आलेलं, म्हणजे आपलंच. बोरन्हाण त्याचं, दोन्ही जिल्ह्यांतलं बोरगावही त्याचंच. जमिनीत घेतात तो बोअर इंग्रजी. त्याचं जुनं रूप ‘बोरियन’, अर्थ भोक पाडणं. मराठीत यासाठी ‘विंधणे’ हे नेमकं क्रियापद आधीपासून आहे, म्हणून सरकारी कागदावरची ‘विंधन विहीर’ मला ‘कूपनलिके’पेक्षा बरी वाटते. कूपनलिकेत गाळाच्या जमिनीत खालपर्यंत जाळीची नळी सोडावी लागते. आपल्याकडे खाली काळा दगड, तो स्वतःच उभा राहतो. वरची माती आणि मुरूम तेवढा सात इंची केसिंगने, म्हणजे भोकात बसवलेल्या नळीने, अडवायचा आणि पुढे साडेसहा इंची बिटने भोक न्यायचं. हे केसिंग पक्क्या दगडात फूटभर तरी बसलंच पाहिजे. फुटावर पैसे मोजायचे म्हणून ते मुरुमातच थांबवलं, तर पाणी वरखाली होताना मुरूम सुटून आत पडतो, मोटर अडकते आणि ओढून काढताना पाइप तुटला की बोअर कायमचा जातो. (विहिरीच्या नात्यानं काहीजण ‘बोअर घेतली’ म्हणतात, काहीजण ‘घेतला’. दोन्ही चालू द्यावं.)

गॅरेजमध्ये हाच शब्द आणखी पुढे सरकला आहे. इंग्रजीत बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास. आपले मिस्त्री ‘बोअर-पिस्टन बदला’ म्हणतात तेव्हा त्यांना भोकासकट अख्खा सिलिंडरचा ब्लॉक अभिप्रेत असतो. मोटरसायकलच्या 97.2 सीसी इंजिनात हा व्यास 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 49.5. पिस्टनवरच्या रिंगा जिथून उलट फिरतात त्या वरच्या टोकाला झीज सर्वांत जास्त होते, त्यामुळे भोक वर रुंद, खाली अरुंद होतं आणि गोलाईही जाते. मग ब्लॉक रिबोअर करतात, म्हणजे भोक कापून थोडं मोठं आणि पुन्हा गोल करतात. पिस्टनवर 25, 50, 75, 100 असे आकडे असतात, ते मिलिमीटरचे शंभरावे भाग. 25 नंबरचा पिस्टन घातला तर भोक 50.25 होतं. आधी पिस्टन आणायचा, मायक्रोमीटरने मोजायचा आणि मग त्याच्या मापानं ब्लॉक कापायचा. उलट क्रमानं काम केलं की फट चुकते : कमी राहिली तर गरम झाल्यावर पिस्टन धरतो, जास्त राहिली तर तो खडखडतो आणि धूर येतो. शेवटी होनिंग, म्हणजे घासदगडानं भोकाची भिंत घासणं. त्यानं भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते आणि त्या रेघांत ऑइल टिकतं. होनिंग टाळलं की रिंगा बसत नाहीत आणि नव्या कामाची गाडीही ऑइल खाते.

कंटाळ्याचा ‘बोअर’ हा इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला शब्द. ‘भोक पाडत राहतो तो बोअर’ अशी फोड सर्रास सांगितली जाते, पण कोशांत त्याची व्युत्पत्ती अनिश्चित म्हणूनच नोंदलेली असते. मराठीनं मात्र दोघांना एकच क्रियापद दिलं. शेतात बोअर मारतात आणि भाषणातही बोअर मारतात.

भरतीच्या वेळी हुगळीत उलट चढणारी लाट, तिलाही इंग्रजीत बोअर म्हणतात. तो शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या ‘लाट’ या अर्थाच्या शब्दावरून आला असं मानतात. आणि इंग्रजीच्या पुस्तकात मुलांना भेटणारा ‘बोअर’, म्हणजे ‘बेअर’चा भूतकाळ, तो तर आपल्या नात्यातला आहे. वाहणं, जन्म देणं हे त्याचे अर्थ आणि मूळ संस्कृत ‘भृ’ धातूशी एकच. आपला ‘भार’ आणि तो ‘बोअर’ दूरचे भाऊ आहेत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेमुळे शेळीपालकांच्या ओळखीची झालेली बोअर शेळी मात्र यांच्यापैकी कुणाचीच नाही. तो डच शब्द, अर्थ शेतकरी. 1899 ते 1902 चं बोअर युद्ध ज्यांच्याशी झालं तेच हे बोअर. शेळीची बातमी असेल तेव्हा ‘आफ्रिकन बोअर’ लिहिलं की घोळ मिटतो.

राहिली बंदूक. ‘बारा बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी, व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. रिव्हॉल्व्हरचा 0.32 बोअर मात्र थेट इंचात, म्हणजे साधारण 8 मिलिमीटर. गुन्ह्यांच्या बातम्यांत दशांश चिन्ह गळून तो ‘32 बोअर’ होतो, आणि शिशाच्या हिशेबानं ती तेरा मिलिमीटरवरची नळी ठरते. तेवढा टिंब कृपया जागेवर ठेवावा. फळाला ‘बोर’ आणि बाकी सगळीकडे ‘बोअर’, हे आपल्या उपसंपादकांनी ठरवून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)