चार बाजू मोजल्या, कर्णाचे काय?

महोदय,

शहरांच्या हद्दीलगत गुंठ्या-दोन गुंठ्यांचे व्यवहार सर्रास होतात. जागेवर टेप धरून चारही बाजू मोजल्या जातात, समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरीचा गुणाकार केला जातो आणि येतील त्या चौरस फुटांवर किंमत ठरते. ही रीत मुळातच सदोष आहे, हे घेणाऱ्यांच्या लक्षात यावे म्हणून हा पत्रप्रपंच.

चारही बाजूंची लांबी ठाऊक असली, तरी तेवढ्यावरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट; पण ते चारही कोपरे काटकोनात असतील तरच. तसे असल्यास समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले अंतर, म्हणजे कर्ण, सुमारे 46 फूट 8 इंच भरतो. प्लॉट एका अंगाला कलता असून एक कर्ण 40 फूटच भरला, तर चारही बाजू 33 फूट असूनही क्षेत्र 1050 चौरस फुटांवर येते आणि कर्ण 36 फूट भरला तर ते 1000च्याही खाली जाते. सरासरीचा गुणाकार मात्र दरवेळी 1089च सांगतो. या रीतीने क्षेत्र खऱ्याहून जास्त येते, कमी कधीच येत नाही. त्यामुळे भुर्दंड पडतो तो घेणाऱ्यालाच.

आपल्याकडे हे पूर्वीपासून माहीत आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये या गुणाकाराला ‘स्थूल’, म्हणजे ढोबळ, फळ म्हटले होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त याहून कडक शब्द वापरले आहेत: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आणि त्याचे उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च, कारण बाजू त्याच राहिल्या तरी चौकोनाची स्थिती निश्चित नसते, हे दोघांनाही कळलेले नाही.

उपायाला त्याच टेपचे आणखी एक माप पुरते. कर्ण मोजला की प्लॉटचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याचे हेरॉनचे सूत्र तर शाळेतच शिकवले जाते. चांगला गवंडी आखणीसाठी चुन्याची फक्की मारण्यापूर्वी पायाचे दोन्ही कर्ण ताडून पाहतो. जमिनीला आयुष्याची पुंजी घालताना आपण तेवढेही करत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

सरकारी मोजणीत प्रत्येक कोपऱ्याचे स्थान यंत्राने निश्चित होत असल्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न आहे तो मोजणीविना होणाऱ्या व्यवहारांचा. म्हणून खरेदीखतात चतुःसीमा आणि बाजूंची मापे लिहिताना किमान एका कर्णाचे माप लिहिणे शासनाने बंधनकारक करावे आणि तोवर घेणाऱ्याने विसार देण्यापूर्वी ते स्वतः मोजून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक