सुहास, ते कर्ज लिहून टाक

लालबाग, मुंबई

प्रिय सुहास,

काल तुझा फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. तिकडे अमेरिकेत तू सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीसाठी फॉर्म भरतोयस, आणि कार्डाचं कर्ज थकलंय. "फॉर्ममध्ये ते कर्ज लिहिलंच नाही तर?" असं विचारताना तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मला उत्तरच सुचेना. आज सकाळी तू पाठवलेलं सगळं वाचून काढलं. बँकेतल्या नोकरीतली दहा वर्षं मी थकबाकीच्या टेबलावर काढली, तेव्हा हा विषय मला नवा नाही.

तुमच्याकडे सिक्युरिटी क्लिअरन्सचे २०१७ पासून जे निकष आहेत, त्यात एकूण १३ मुद्दे आणि पैशाची बाजू त्यातला एक. अमुक डॉलरच्या वर कर्ज असलं की बाद, असा आकडा त्यात कुठेही नाही. पैशाच्या ओढाताणीत हा माणूस कुणाच्या हाती लागेल का, ही त्यांची काळजी. सीआयए या तिथल्या गुप्तचर संस्थेतला ऑल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये देण्यांनी पिचून सोव्हिएत वकिलातीत गेला आणि ५०,००० डॉलरला माहिती विकून आला. १९९४ मध्ये तो पकडला गेला, तोवर कित्येकांचे जीव गेले होते. म्हणून ते इतकं खोदून विचारतात.

तुझी नोकरी गेली, त्यात वहिनींचं ऑपरेशन. नोकरी जाणं, अचानक आजारपण, घटस्फोट, अशा हाताबाहेरच्या कारणांनी कर्ज झालं आणि माणूस जबाबदारीनं वागला, तर ते त्याच्या बाजूनं धरतात, असं त्याच निकषांत लिहिलंय. आता हे जबाबदारीनं वागणं दाखवायचं कसं? मी वसुलीला जायचो तेव्हा एखादा दार उघडून म्हणायचा, "साहेब, या महिन्यात पाचशेच आहेत." दुसरा पोराकडून सांगायचा, "बाबा घरी नाहीत." थकबाकी दोघांची सारखीच, पण फाइलवर माझा शेरा वेगळा पडायचा. तू कार्डवाल्यांना आजच फोन कर, झेपेल तेवढा हप्ता बांधून घे, प्रत्येक पावती जपून ठेव. विनानफा चालणाऱ्या संस्थेकडून कर्जाचा सल्ला घेतलास तर तोही तुझ्या बाजूनं मोजतात.

तुझ्या त्या फॉर्मच्या, एसएफ-८६ च्या, २६व्या भागात गेल्या सात वर्षांत १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी विचारली आहेत. तुझा क्रेडिट रिपोर्ट ते काढणारच. जाणूनबुजून खोटं लिहिलंस तर तो गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. शिवाय खरेपणाचा निकष वेगळा आहे, त्यातही अडकशील. आज जे आजारपणाचं कर्ज आहे, ते उद्या लबाडी म्हणून नोंदलं जाईल. हे मला बघवणार नाही.

पैसे पाठवतो म्हणालो होतो, तेवढं थांबव. मी भारतीय नागरिक, आणि परदेशी माणसांशी असलेले व्यवहारही ते तपासतात. आधी तिथल्या वकिलाला विचार. चाळीतल्या खोलीत तुझा हिस्सा आहे, तोही लिहायला विसरू नकोस.

१९८२ आठवतं? गिरणीचा संप जानेवारीत सुरू झाला आणि आपल्या चाळीतले चुलीवरचे डबे एकेक करून रिकामे व्हायला लागले. तुझी आई दर महिन्याच्या एक तारखेला पदर खोचून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायची. कधी दहा रुपये, कधी नुसतेच पाच. तो उधारीच्या वहीत लिहायचा, आणि ती आपल्या वहीत लिहून त्याला सही करायला लावायची. लोकांसमोर, काउंटरवर उभी राहून. त्यानं तुमचा तांदूळ कधी बंद केला नाही.

ती वही माझ्याकडे आहे. मावशी गेल्या तेव्हा ट्रंक आवरताना मी ठेवून घेतली होती, तुला सांगायचं राहून गेलं. लाल पुठ्ठा, शेवटच्या पानावर काही बाकी नाही. फोटो काढून पाठवतोय.

रविवारी फोन कर, किती रकमा आहेत ते घेऊन बस. आपण दोघं मिळून यादी करू.

तुझाच,
बंड्या