तळ्यातलं हिरवं पाणी

दोना पावला, गोवा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज बोलून गेली, "तळ्यात कुणी हिरवा रंग ओतल्यागत झालंय बघ." म्हैस तळ्यावर सोडू नका, एवढंच तेव्हा घाईत सांगितलं. का, ते सांगायचं राहिलं.

बाबा, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून काचेची एक बाटली त्या पाण्यानं भरा आणि रात्रभर न हलवता अंधारात ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलं, तर बहुधा साधं शेवाळ. दुधावर साय धरावी तसं वर आलं, तर मात्र सांभाळा, ते बहुधा निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या पेशींच्या पोटात हवेचे बारीक कप्पे असतात, म्हणून त्या तरंगतात. त्यांतल्या काही जाती यकृत निकामी करणारं विष तयार करतात. विषारी कुठली आणि बिनविषारी कुठली, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि पाणी उकळूनही ते विष जात नाही.

पंचायतीत मोरचूद टाकायचं चाललंय म्हणालात. तेवढं टाकू देऊ नका. शेवाळ मरेल, पण पेशी फुटून आतलं सगळं विष एकदम पाण्यात उतरेल. मूळ दुखणं वरच्या शेतांत आहे. वळवाच्या पावसानं युरिया, डीएपीसारखं खत वाहून तळ्यात येतं, त्यावर हे शेवाळ पोसतं. त्यात साचलेलं पाणी आणि मे महिन्याचं ऊन.

गेल्या दिवाळीत तुम्ही विचारलं होतंत, "इतकी वर्षं समुद्रावर आहेस, पण करतेस काय नेमकं?" पाहुणे बसले होते, मी "संशोधन" म्हणून मोकळी झाले. खरं उत्तर हेच आहे, बाबा. तुमच्या तळ्यात जे झालंय, ते समुद्रात कधी, कुठे आणि का होतं, ते मी बघते.

समुद्रातलं बाटलीभर पाणी आणायचं, त्यात कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत आयोडीनचे थेंब टाकायचे, सगळं खाली बसू द्यायचं. मग हजार बारीक चौकोनांच्या काचेवर एक मिलिलिटर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. आई, तू सूप घेऊन तांदूळ निवडायला बसतेस ना, तसंच. त्यांत डायटम नावाचे एकपेशी जीव निघतात, काचेच्या कोरीव डब्यांसारखे. डायटम आणि पाण्यात तरंगणारे असले बाकीचे सूक्ष्म जीव मिळून जगातलं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण करतात, त्यांच्यावरच सगळी मासळी पोसते. वाईट त्यांतले थोडेच. ते थोडे ओळखण्यात माझा जन्म चाललाय, आणि त्याचं मला समाधान आहे.

१९९७ च्या सप्टेंबरात मी कारवारला, कोडीबागेत शिकत होते. केरळात विळिंजमला कालवांसारखे शिंपले खाऊन सात माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातलं विष त्यांच्या मांसात साठतं. चव बदलत नाही, वास येत नाही, शिजवूनही ते मरत नाही. कुठल्या तरी आईनं रोजच्यासारखंच कालवण केलं असणार. ते वाचल्यापासून दुसरं काही करावंसं वाटलंच नाही.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी जहाजावर होते. निरोप मिळाला तोवर बाबा काठी घेऊन चालायला लागले होते. आई एकटी दवाखान्याच्या बाकावर तीन रात्री बसली, हे मला धाकट्याकडून कळलं. तू कधी बोलली नाहीस. आई, मला ते रुतून बसलंय.

संध्याकाळी इथे खाडीच्या तोंडाशी उभी राहिले की वाटतं, म्हादई आपल्या खानापूर तालुक्याच्या रानातनं निघून मांडवी होऊन इथेच उतरते. कणकुंबीची मलप्रभा तेवढी पाठ फिरवून पूर्वेला जाते. आपल्याकडच्या पावसाचं पाणी मी रोज बघते, असं समजा.

शनिवारी चोर्ल्याच्या घाटानं येतेय. बाटली पडवीत सावलीला ठेवा, हलवू नका. मी सूक्ष्मदर्शक घेऊन येते. तोवर म्हशीला विहिरीचंच पाणी, आणि बाबांनी पोहऱ्याला हात लावायचा नाही, गड्याला सांगायचं.

तुमची,
थोरली