खातं खुलं ठेवा म्हणालात, म्हणून हे पत्रही खुलं

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने

महोदय,

सविनय नमस्कार. पत्र मराठीत लिहितो आहे, पण ते वाचलं जाणार याची मला खात्री आहे. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करणाऱ्याने आपली सोशल मीडियाची सगळी खाती 'पब्लिक' ठेवावीत, असा आपल्या खात्याचा जून 2025 पासूनचा दंडक आहे. मी तो पाळला आहे. त्यामुळे भाचीच्या वाढदिवसाचे फोटो आणि क्रिकेटवरची माझी भांडणं आपल्याकडचं कुणीतरी चाळत असणार. त्याने हेही चाळावं. भाषा येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं, तेवढा वेळ आपल्याकडे नक्कीच आहे. माझ्या मुलाखतीला आज 74 दिवस झाले.

मी आपल्या देशातल्या एका विद्यापीठात पीएचडी करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आलो, पाच वर्षांचा एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा घेऊन. तो 2024 मध्ये संपला. संपला म्हणजे मी बेकायदा झालो असं नाही. हे माझ्या काकांना अजून पटलेलं नाही, म्हणून लिहितो. व्हिसा फक्त दारातून आत येण्यापुरता लागतो. आत राहणं चालतं ते आय-ट्वेंटी (विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि स्टेटस (विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर दर्जा) यांवर, आणि ती दोन्ही माझी आजही शाबूत आहेत. आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर प्रवासासाठी विद्यापीठाची सही लागते, वर्षभर चालते. तीही निघण्याच्या आदल्या दिवशी घेतली. ऑफिसातल्या बाईंनी तारीख दोनदा तपासली आणि म्हणाल्या, "जायलाच हवं का?"

जायलाच हवं होतं. वडील गेले होते.

सहा वर्षांत मी घरी एकदा गेलो होतो, 2022 मध्ये. बहिणीचं लग्न मी फोनवर पाहिलं, रात्री अडीच वाजता, प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून. 2024 मध्ये जायचं ठरवलं होतं. तेव्हा जुना व्हिसा असलेल्यांना मुलाखतीशिवाय, नुसती कागदपत्रं ड्रॉपबॉक्सला टाकून नवा व्हिसा मिळत होता. गाइड म्हणाले, पेपर पूर्ण कर, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी 2 सप्टेंबरपासून तुम्ही ड्रॉपबॉक्स जवळजवळ सगळ्यांसाठीच बंद केला आणि त्याच आठवड्यात सांगितलंत की अर्ज स्वतःच्या मायदेशात किंवा जिथे राहता तिथेच करायचा. वडिलांना हे वेळापत्रक ठाऊक नव्हतं. डिसेंबरमध्ये गेले.

मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

मग मुलाखतीचा स्लॉट, म्हणजे रिकामी तारीख, शोधणं सुरू झालं. रात्री तीनला उठून पान रिफ्रेश करायचं आणि जास्त वेळा केलं म्हणून खातं लॉक झालं की सकाळपर्यंत थांबायचं. आई शेजारच्या खोलीत जागीच असायची. तिला वाटायचं मी बाबांच्या आठवणीने झोपत नाही. मी तिला खरं सांगितलं नाही.

शेवटी एका वकिलातीत मुलाखत मिळाली. तीन मिनिटं चालली असेल. खिडकीपलीकडच्या तरुणाने विचारलं, संशोधन कशावर. सांगितलं. भारतात का आलात? सांगितलं. त्याने मान वर न करता काहीतरी टाइप केलं आणि एक कागद सरकवला: कलम 221(जी), ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग, म्हणजे निर्णय न देता आणखी तपासणी. बायोडेटा पाठवा, गाइडचा बायोडेटा पाठवा, प्रकाशित लेखांची यादी पाठवा, संशोधनाचा आराखडा पाठवा. "दोन-तीन आठवडे लागतील," असं म्हणून तो हसलासुद्धा. कागदपत्रं त्याच संध्याकाळी पाठवली. महिन्याभराने आणखी एक फॉर्म आला. गेल्या पंधरा वर्षांत कुठे राहिलात, कुठे प्रवास केलात, पैसे कुठून आले. पंधरा वर्षांपूर्वी मी शाळेत होतो. सहलीचे पैसे बाबांनी दिले होते, तसंच लिहिलं.

तुमच्या वेबसाइटवर माझ्या अर्जापुढे काय दिसतं ठाऊक आहे? 'नामंजूर'. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की प्रक्रिया अजून चालू असू शकते. नामंजूर, पण चालू! रोज सकाळी दात घासायच्या आधी मी हा शब्द वाचतो. आज सकाळी माझ्या अकराव्या ईमेलला उत्तर आलं. पहिल्या दहांना आलं होतं तेच, स्वल्पविरामासकट.

आता मुद्द्याचं. तुमच्या कायद्यात 214(बी) नावाचं कलम आहे. येणारा प्रत्येक विद्यार्थी कायमचं राहायलाच येतो आहे, असं ते गृहीत धरतं आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. मायदेशाशी घट्ट नाती दाखवा, असं प्रत्येक मुलाखतीच्या आधी आम्हाला पढवलं जातं. घर दाखवा, आई-वडील दाखवा, परत जाणार हे पटवून द्या. दाखवली नाती. आणि त्याच नात्यापायी घरी आलो, तर दार बंद! सहा वर्षं घरी फिरकलोच नसतो, बापाच्या शेवटच्या वेळीसुद्धा, तर आज मी सुखाने प्रयोगशाळेत असतो. थोडक्यात, ज्याची नाती तुटली तो तुमचा आदर्श विद्यार्थी. हे कलम लिहिणाऱ्याला भेटायला आवडलं असतं, पण त्यासाठीही व्हिसा लागेल.

नियमांत औदार्यही आहे, नाही म्हणत नाही. संपलेल्या व्हिसावरसुद्धा तीस दिवसांपर्यंत कॅनडा-मेक्सिकोला जाऊन परत येता येतं. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात त्याला. माझी आई कॅनडात राहत नाही, ही चूक आमचीच.

आणि हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. 2024-25 मध्ये तुमच्याकडे तीन लाख साठ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, सगळ्या देशांत जास्त. परदेशी विद्यार्थी मिळून वर्षाला चाळीस अब्ज डॉलरच्या वर तुमच्या अर्थव्यवस्थेत ओततात, हे तुमच्याच लोकांनी केलेले हिशेब. माझा हिशेब छोटा आहे: 2019 चे सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीचे) 350 डॉलर, व्हिसाचे तेव्हा 160, आता 185. नामंजुरीचे पैसे परत मिळत नाहीत. त्यावर 250 डॉलरची 'इंटिग्रिटी फी' तुमच्या काँग्रेसने 2025 च्या जुलैमध्ये मंजूर करून ठेवलीच आहे. सचोटी आमची तपासायची, तिचे पैसेही आमच्याकडूनच!

तुमच्या खात्याचं लाडकं वाक्य आहे की व्हिसा हा हक्क नाही, ती सवलत आहे. बरं. पण सवलत देणाऱ्यालाही शब्द असतो की नाही? 2020 च्या जुलैमध्ये सांगितलं, ऑनलाइन शिकत असाल तर देश सोडा. आठ दिवसांत मागे घेतलं. 2025 च्या मेमध्ये जगभर विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवलं, जूनमध्ये पुन्हा सुरू केलं. त्याआधी एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली नोंदच पुसली. कुणाची जुन्या ट्रॅफिकच्या दंडावरून, कुणाला तर कारणच कळलं नाही. कोर्टाने कान उपटल्यावर पुन्हा लिहिली. आता म्हणता, स्टेटसलाच चार वर्षांची मर्यादा घालू. पीएचडी चार वर्षांत होते असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आमच्या गाइडना भेटावं.

अशा कारभारात कोण घरी जाईल? माझ्या मजल्यावरच्या एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतर संशोधन करणारीने) युरोपातल्या परिषदेचं निमंत्रण नाकारलं. तिचा व्हिसा चालू होता, तरी. दुसऱ्या एकाने आईला सांगून टाकलंय, डिग्री होईपर्यंत माझी वाट पाहू नकोस. आम्ही सगळे आत आहोत आणि बाहेर पडायला घाबरतो. असल्या जागेला काय म्हणतात ते लिहीत नाही, खातं पब्लिक आहे.

मागण्या फार नाहीत. प्रक्रिया चालू असेल तर तिथे 'नामंजूर' लिहू नका. किती दिवस लागणार याची काहीतरी मुदत सांगा आणि ती पाळा. ज्याचं शिक्षण चालू आहे, नोंद स्वच्छ आहे, त्याचा व्हिसा अमेरिकेतच नवा करून द्या. 2024 च्या सुरुवातीला एच-वन-बीवाल्यांसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी, वीस हजार अर्जांपुरता हा प्रयोग तुमच्याच खात्याने केला होता. म्हणजे जमतं. विद्यार्थ्यांसाठी करायचं मनात नाही, एवढंच.

तोवर माझं असं आहे. स्टायपेंड जानेवारीपासून बंद. तिकडच्या खोलीचं भाडं चालू. पाच महिन्यांहून जास्त बाहेर राहिलो तर स्टेटसच धोक्यात येतं, आणि ते पुढच्या महिन्यात भरतात. उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये माझे सहा डबे आहेत, साडेचार वर्षांचे नमुने. प्रत्येक झाकणावर काळ्या मार्करने माझं आडनाव आणि तारीख. काल प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा निरोप आला की नवीन विद्यार्थ्याला जागा हवी आहे. तुझे डबे ठेवू की टाकू, शुक्रवारपर्यंत कळव.

आज बुधवार आहे. तिला काय कळवू, तेवढं सांगा.

आपला,
एक अर्जदार
(सध्याची स्थिती: नामंजूर, पण चालू)