बाळंतिणीला भूलतज्ज्ञ फक्त सिझरलाच का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. प्रसूतिकक्षातून मला फोन येतो तो बहुतेक वेळा एकच सांगायला : ‘सिझर ठरलंय, या.’ बाईला कळा सहन होत नाहीत, ती एपिड्युरल (पाठीतून नळीने दिलं जाणारं, कळांचं दुखणं कमी करणारं औषध) मागतेय, म्हणून बोलावणं क्वचितच येतं. आलं तरी मी दुसऱ्या ऑपरेशनला उभी असते. मग तिला ऐकवलं जातं, ‘थोडं सोस, सगळ्याच सोसतात.’ मुतखड्याच्या रुग्णाला असं कुणी ऐकवत नाही.

माझं मागणं एवढंच : जिथे मोठ्या संख्येने बाळंतपणं होतात, त्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात चोवीस तास फक्त प्रसूतिकक्षासाठी एक भूलतज्ज्ञ असावा.

‘पाठीतली सुई’ म्हणून स्पायनल आणि एपिड्युरल एकाच मापाने मोजतात, आणि मनुष्यबळाचं गणित तिथेच चुकतं. स्पायनलमध्ये बारीक सुईने कण्यातल्या पाण्यात दोन-अडीच मिली औषध एकदाच जातं. काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो आणि साधारण दीड-दोन तास तसाच राहतो. सिझरला ते पुरतं. कळा मात्र बारा-बारा तास चालतात. एपिड्युरलमध्ये म्हणून कण्याच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून सौम्य औषध देत राहतात. गुण यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुढे रक्तदाब घसरतोय का, एकच बाजू बधिर झालीय का, हे बघायला माणूस लागतो. नळी मिळते हो, माणूस मिळत नाही.

हाच माणूस जीवही वाचवतो. ऐनवेळी सिझर करावं लागलं, तर चांगली चालणाऱ्या नळीतून जोरदार औषध देता येतं आणि पूर्ण भूल बहुधा टळते. गरोदरपणी घशाला सूज असते, पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्यामुळे पूर्ण भूल देताना आमचेही हात थंड पडतात.

एकटा भूलतज्ज्ञ दोन टेबलांमध्ये धावत असला की आणखी एक गोष्ट निसटते. चिरा देण्यापूर्वी गार बोळा लावून, स्पर्श करून बधिरता कुठवर चढली ते तपासायचं असतं. सिझरमध्ये ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, ते खरं. पण बाई ‘दुखतंय’ म्हणाली तर थांबायचं असतं, ‘तसं वाटतं तुला’ म्हणायचं नसतं.

‘सुईने जन्माची कंबरदुखी लागते’ हे सासू सांगते, कधी कधी डॉक्टरही. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. सिझरचं प्रमाणही एपिड्युरलमुळे वाढत नाही. तोटे वेगळे आहेत आणि ते सांगायलाच हवेत : जोर देण्याचा टप्पा थोडा लांबतो, खाज किंवा ताप येतो, आणि सुमारे शंभरात एकीला तीव्र डोकेदुखी होते, जिच्यावर उपाय आहे. रक्त गोठण्यात दोष असेल तर सुई टाळावी लागते. हे सगळं गरोदरपणातच समजावावं. कळांच्या मध्ये संमतिपत्र वाचणार कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात निरोगी गरोदर स्त्रीने मागितल्यास एपिड्युरल द्यावं, अशी शिफारस आहे. व्हिक्टोरिया राणीला १८५३ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म मिळालं होतं. तिला कुणी ‘सोस’ म्हटल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

नेमणुका एका फटक्यात होणार नाहीत, हे कळतं. तोवर एक आकडा मागवा : किती जणींनी एपिड्युरल मागितलं आणि कितींना मिळालं. आमच्या रजिस्टरमध्ये सिझरचा रकाना आहे, याचा नाही.

आपली,
एक भूलतज्ज्ञ