डोपिंग चाचणीबाबत खेळाडू व पालकांस सूचना

येत्या स्पर्धेत नाडाचे (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे) अधिकारी कोणाचीही डोपिंगची, म्हणजे बंदी असलेली औषधं घेतली आहेत का याची, चाचणी घेऊ शकतात. फक्त पदकवाल्यांचीच होते असं नाही. नाव आल्यास सही करा आणि सोबत दिलेल्या माणसाच्या नजरेआड होऊ नका. फोटो ओळखपत्र जवळ ठेवा.

लघवीचा नमुना किमान 90 मिली लागतो आणि तो देताना अधिकारी समोर उभा असतो (मुलींसाठी महिला अधिकारी). लाजू नका, नियमच तसा आहे. घाईघाईत भसाभसा पाणी पिऊ नका. नमुना फार पातळ झाला तर पुन्हा द्यावा लागतो. बाटल्यांचा संच स्वतः निवडा, ए आणि बी या दोन्ही बाटल्यांचे क्रमांक जुळवून बघा. सर्दीच्या गोळीपासून प्रोटीन पावडरपर्यंत, गेल्या 7 दिवसांत घेतलेलं सगळं फॉर्मवर लिहा. चाचणीला नकार दिल्यास 4 वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. 18 वर्षांखालील खेळाडूंसोबत मोठं माणूस हवंच.